डोकं नाही, मान

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक सरकारी रुग्णालय. बाळंतिणींचा वॉर्ड, रात्रीचे साडेदहा. खिडकीकडच्या खाटेवर एकवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. सिझरला तिसरा दिवस. छाती दगडासारखी टणक झालेली, ब्लाउजचा स्पर्शही सोसवेना. बाळ रडून लालबुंद झालेलं. अंगावर घेतलं की दोनदा तोंड मारायचं, घसरायचं आणि पुन्हा टाहो फोडायचं. सासूबाई पायथ्याशी उभ्या. त्यांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला पावडरच्या दुधाचा डबा होता, संध्याकाळीच मुलाकडून मागवलेला. "दूधच नाही तिला," असं त्या मला दोनदा म्हणाल्या, दोन्ही वेळा आवाज खाली आणून. घरातलं काही उणं परक्या बाईला सांगताना आणतात तसा.

छाती दुधानं तटतटलेली आणि सगळे म्हणताहेत दूध नाही. या वॉर्डात मी चार दिवस येत होते, आणि हे वाक्य चारही दिवस वेगवेगळ्या खाटांवरून ऐकत होते.

मग ताई आली. हुद्दा स्तनपान समुपदेशकाचा, पण वॉर्डात तिला सगळे ताईच म्हणतात. आली आणि आधी स्टूल ओढून खाली बसली. "कुठं दुखतंय?" एवढंच विचारलं. ओला, कोमट पंचा छातीवर ठेवायला लावला. मग बोंडाच्या भोवती पाचही बोटं टेकवून हळूहळू आत, छातीच्या दिशेनं दाबायला शिकवलं. मिनिटभर दाबून धरायचं, सोडायचं, बोटं थोडी फिरवून पुन्हा दाबायचं. बोंडाभोवतीचा टणक गोल काळा भाग मऊ पडला. वाटीत थेंब पडायला लागले, आधी पिवळट, मग पांढुरके. सासूबाई वाटीत वाकून बघत राहिल्या.

बाळ मांडीवर घेतलं. मुलीनं त्याचं डोकं मागून धरून छातीवर दाबलं, आपण सगळ्याच दाबतो तसं. ताई म्हणाली, "डोकं नाही, मान. डोकं दाबलंस की ते मागं रेटणार. तुझं डोकं कुणी ताटात दाबलं तर जेवशील?" डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर, हाताचा आधार मानेला आणि खांद्यांना, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, नाक बोंडासमोर. मग वाट बघायची. बाळानं जांभई दिल्यासारखं तोंड वासलं की झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकेल असं. बोंडापेक्षा खालचा काळा भाग जास्त तोंडात जायला हवा. तीनदा फसलं. चौथ्यांदा बाळाचा जबडा कानापर्यंत हलताना दिसला, आणि त्या कल्लोळातही गिळल्याचा आवाज आला, गुटुक. थोडं थांबून पुन्हा गुटुक.

घड्याळात बघितलं. ताई बसल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात तिनं आईच्या दुधाचं माहात्म्य एकदाही सांगितलं नव्हतं.

*

मराठीला या बाबतीत शब्दांची ददात नाही. पान्हा फुटतो, पान्हा चोरला जातो, दूध दाटतं, आटतं, उतरतं. शरीरशास्त्र जे सांगतं ते या शब्दांत आधीपासूनच आहे. दूध तयार करतं ते प्रोलॅक्टिन, आणि तयार झालेलं दूध नळ्यांतून पुढं ढकलतं ते ऑक्सिटोसिन. भाषेतला पान्हा म्हणजे हे दुसरं. बाळाचा आवाज, वास, नुसती आठवणही त्याला पुरते. वेदना, भीती, शरम यांनी तो अडतो. पहिल्याचा हिशेब साधा असतो. जितकं दूध निघेल तितकं पुढं तयार होतं, साठून राहिलं की शरीर हात आखडतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवलं की दूध कमी होत जातं. आजीला संप्रेरकांची नावं ठाऊक नव्हती, पण बाळंतिणीच्या खोलीत रात्री कुणी तरी जागं असायला हवं, हे तिला पक्कं माहीत होतं.

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतं किती, तर चहाचा एक चमचाभर. चीक तेवढाच येतो, थेंबाथेंबानं, दाट. तो बघून घरात कुणी तरी म्हणतं, "अजून दूध आलंच नाही." मग मध चाटवला जातो. एक वर्षाच्या आत मध देणं धोक्याचं असतं, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळं तान्ह्याला बॉट्युलिझम होऊ शकतो. नाही तर साखरेचं पाणी, गाईचं दूध, गुटी, डबा. बाळाचं पोट भरतं, ते ओढत नाही, ओढलं नाही म्हणून दूध वाढत नाही. चार दिवसांनी "दूध नाही" हे खरोखर खरं ठरतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या मी शेजारी ठेवून बघितल्या. २०१५-१६ मध्ये देशात ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. जवळजवळ दहा टक्क्यांची ही उडी फार मोठी आहे, तिच्यामागं आशा ताईंची पायपीट आहे, रुग्णवाहिका आहेत. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण आधी ४१.६ टक्के होतं, नंतर ४१.८. जिथं डॉक्टर आहे, नर्स आहे, तिथं बायका पोहोचल्या, आणि पहिला तास होता तिथंच राहिला. माझ्या मते कारण उघड आहे. बाळंतपण करणं हे दवाखान्यात कुणाचं तरी काम असतं. पाजायला शिकवणं सगळ्यांचं असतं, त्यामुळं कुणाचंच नसतं. सिझरनंतर आई एकीकडं, बाळ दुसरीकडं, आणि दोन नर्सेसच्या अंगावर अख्खा वॉर्ड. स्टूल ओढून बसायचं कुणी?

पहिल्या तासात काय होऊ शकतं याची एक फिल्म मुंबईच्या डॉ. प्रशांत गांगल यांनी युनिसेफबरोबर २००७ मध्ये केली. नुकतं जन्मलेलं बाळ आईच्या उघड्या पोटावर ठेवलंय. ते पाय रेटत, थांबत, हात चाटत, स्वतः छातीपर्यंत सरकत जातं आणि तोंड लावतं. गर्भवतींच्या वर्गात मी ती दाखवताना पाहिली. एक बाई उठून म्हणाली, "माझं बाळ तर तेव्हा टेबलावर होतं, कापडात." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

*

माझी मुलगी २००९ ची. खासगी दवाखाना, चांगला म्हणतात तसा. दुसऱ्या दिवशी बोंडांना चिरा पडल्या, चौथ्या दिवशी पाजायची वेळ झाली की माझे दात आपोआप आवळले जायचे. राउंडवरच्या डॉक्टरांनी चिरांना मलम लिहून दिलं. बाळ तोंड कसं लावतंय हे कुणी बघितलं नाही, आणि बघायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर आईनं बाकी सगळं केलं. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, शेगडीचा शेक. आजही मी ते सगळं प्रेमानं आठवते. बाळंतिणीला कुणी तरी आयतं ताट आणून देतंय, चार वेळा "खाल्लंस का" विचारतंय, याचं मोल लाडवातल्या हळिवापेक्षा मोठं असतं. पण चिरा लाडवांनी भरल्या नाहीत. शेजारच्या वाड्यातल्या एक निवृत्त परिचारिका बाळ बघायला आल्या होत्या. त्यांनी चहा बाजूला ठेवला, बाळाची मान धरली, हनुवटी अंगठ्यानं खाली ओढली आणि म्हणाल्या, "आता." दुखणं पन्नास टक्के त्या क्षणी गेलं. मला रडू आलं ते वेदनेचं नव्हतं. हे इतकं सोपं होतं आणि दहा दिवस मी स्वतःला नालायक समजत होते, त्याचं होतं.

तेव्हा कायद्यानं बारा आठवड्यांची रजा होती. ती संपली तशी मी कामावर गेले आणि औषधाच्या दुकानातून पंप आणला. काचेचा पेला आणि मागं रबरी भोंगा, हॉर्नसारखा. तो पंप कुणी वापरू नये. दूध भोंग्यात शिरतं, भोंगा आतून धुता येत नाही, आणि ओढ किती बसते यावर हाताचा ताबा राहत नाही. मी तो जुन्या फायलींच्या खोलीत वापरायचे, दाराला पाठ लावून, कारण आतून कडी नव्हती. बाहेर पावलं वाजली की दूध थांबायचं. अक्षरशः थांबायचं. पान्हा चोरणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. निघालेलं दूध मी बेसिनमध्ये ओतायचे. कॅन्टीनमध्ये फ्रिज होता, पण तिथं माझी बाटली ठेवायची हे मला विचारायलाही सुचलं नाही. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच दिल्या होत्या. मला ते कळलं मुलगी शाळेत जायला लागल्यावर. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. फार मोठी गोष्ट झाली. पण ती पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईपुरती. धुणीभांडी करणारी, मंडईत बसणारी, कार्तिकात कोयता घेऊन फडावर जाणारी बाई या हिशेबात येत नाही. तिच्या बाळाला उसाच्या पाचटावर, साडीच्या झोळीत, मोठ्या बहिणीच्या राखणीवर सोडावं लागतं, आणि दोन खेपांमध्ये दूध दाटलेल्या छातीनं ती मोळ्या उचलते.

*

पंपाबद्दल नीट लिहायला हवं, कारण आता तो ऑनलाइन सहज मिळतो आणि त्याबरोबर सल्ला मिळत नाही. बाळ आईजवळ आहे, नीट पितंय, तर पंपाची गरज नसते. त्याची खरी गरज दोघींना असते. एक कामावर जाणारी. दुसरी, जिचं बाळ दिवसांआधी आलं आणि पेटीत आहे.

या दुसरीला मी जवळून पाहिलं. बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली. बाळ वरच्या मजल्यावर, काचेच्या दारापलीकडं. पहिले दोन दिवस तिला हातानंच दूध काढायला शिकवलं, कारण चीक इतका दाट आणि थोडा असतो की पंपाच्या भांड्यालाच चिकटून राहतो. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेवर, आधी मागं दाबायचं, मग जवळ आणायचं. बोंड पिळायचं नाही. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा. तिसऱ्या दिवशी विजेवरचा पंप. त्याचा फनेल बोंडाच्या मापाचा लागतो. मोठा असला तर काळा भाग आत ओढला जातो, लहान असला तर घासतं. इतकं करूनही पहाटे चारच्या वेळी बाटलीच्या तळाला काही चढेना. सिस्टर वर गेल्या आणि बाळाच्या डोक्यावरचं टोपडं घेऊन आल्या. मऊ, पांढरं, दुधाचा आणि औषधाचा वास असलेलं. तिनं ते नाकाशी धरलं, डोळे मिटले. मशीन त्याच सुरात घरघरत होतं. दीड-दोन मिनिटांनी नळीत एक धार उमटली, मग दुसरी. बाटलीवर सिस्टरनी पेननं लिहिलं: नाव, वेळ, १२ मिली. ते बाळाला नळीनं दिलं जाणार होतं, तीन-तीन मिली. तिनं विचारलं, "चार वेळचं झालं ना, सिस्टर?"

कामावर जाणाऱ्यांसाठी एवढं पुरे: काढलेलं दूध पंचवीस अंश तापमानात चार तास टिकतं, फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस. आपल्याकडच्या मे महिन्यात चार तासांवर भरवसा ठेवू नये, बर्फाची पिशवी बरोबर न्यावी. आणि पाजायला बाटली कशाला, बोंडलं आहे की. आपल्या आज्यांच्या फडताळातलं चांदीचं, चोचीचं बोंडलं. उकळून घेतलं की त्याच्याइतकं धुवायला सोपं दुसरं काही नाही, आणि बाटलीच्या रबराची सवय लागून बाळ अंगावर नाकारतं, तेही त्यानं टळतं.

पेटीतल्या बाळाच्या आईला पुरेसं दूध आलं नाही तर? या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये उभं राहिलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली ही मानवी दुधाची पेढी, आशियातली पहिली. महापालिकेचं रुग्णालय, धारावीच्या शेजारी. पैशांअभावी सगळ्यात आधी जिथं काही तरी कमी पडायचं, तिथं हे झालं याचा मला फार अभिमान वाटतो. पेढीचं काम रक्तपेढीसारखं. स्वतःच्या बाळाला पुरून उरेल एवढं दूध असलेली आई स्वेच्छेनं देते. तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि गरमीची तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवतात, जंतूंची चाचणी करतात, उणे वीस अंशांवर गोठवतात. या तापवण्यात काही संरक्षक घटक कमी होतात, तरी कमी वजनाच्या बाळाच्या आतड्याला ते डब्याच्या दुधापेक्षा पुष्कळ सुरक्षित असतं. पण पेढी म्हणजे आईच्या दुधाला पर्याय नव्हे, तिला दूध येईपर्यंतचा पूल आहे. म्हणून केंद्र सरकारनं २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा या केंद्रांना दुग्धपान व्यवस्थापन केंद्र म्हटलं. आधी आईला शिकवा, तिचं काढा, मग दुसरीचं द्या, असा तो क्रम. हे दूध विकायला बंदी आहे. २०२४ च्या मे महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ती पुन्हा स्पष्ट केली. ज्यांचं बाळ राहिलं नाही अशा आयाही कधीकधी देतात. अशी एक मला भेटली. तिच्याविषयी मी एवढंच लिहीन की ती सहा दिवस आली.

*

सासूबाईंच्या पिशवीतल्या डब्याकडं मला परत यायचंय. त्या डब्यामागं लांबचा इतिहास आहे. जागतिक आरोग्य सभेनं १९८१ मध्ये बाळदुधाच्या विक्रीची आचारसंहिता केली. भारतानं १९९२ मध्ये त्यावर कडक कायदा केला. बाळदुधाची, बाटल्यांची जाहिरात नाही, आईला फुकट नमुने नाहीत, डॉक्टरांना भेटी नाहीत. २००३ मध्ये तो आणखी आवळला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरातही बंद झाली. हा कायदा राबवायला लावण्यात मुंबईच्या डॉ. आर. के. आनंद यांच्या ग्राहक संघटनेचा, अकाशचा, मोठा वाटा, आणि ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात स्थापन झालेल्या बीपीएनआय या स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या संघटनेचाही. म्हणून आपल्या टीव्हीवर बाळदुधाची जाहिरात दिसत नाही. डबा तरीही घरात येतो, कारण रात्री साडेदहाला रडणाऱ्या बाळासमोर औषधाचं दुकान उघडं असतं आणि शिकवणारं माणूस नसतं.

डबा विष नाही. काही आजारांत, काही औषधं चालू असताना, काही बाळांना तो लागतो. काही बायकांना सगळं करूनही दूध कमीच येतं, आणि "आईचं दूध म्हणजे अमृत" असं भिंतीवर लिहिलेल्या खोलीत त्या मान खाली घालून बसतात. त्यांच्यापैकी एकीनं मला विचारलं होतं, "मग मी काय पाजतेय त्याला?" त्या फलकांचा मला खरोखर राग येतो. बाळाचं पोट भरतंय का हे फलकावरून कळत नाही, ते लंगोटावरून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात वेळा सू झाली, वजन आधी थोडं उतरून दोन आठवड्यांत जन्माच्या वेळेइतकं झालं, की दूध पुरतंय. हे प्रत्येक बाळंतिणीच्या कार्डावर छापावं.

आणि घरी कुणी तरी जावं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाच्या घरी पाठवलं. ऊब, जंतुसंसर्ग, पाजणं, सगळं घरात बसून बघायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती रीत या कामातून आली. आयआयटी मुंबईनं बाळाला धरायच्या पद्धतीचे व्हिडिओ मराठीतही केलेत, कितीतरी आशांच्या फोनमध्ये ते असतात.

हिरकणीचं नाव आपण पाजण्याच्या खोल्यांना दिलं. वाळुसऱ्याची गवळण, गडाचे दरवाजे बंद झालेले, खाली तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरली. ही कथा लहानपणी ऐकताना मला कडा दिसायचा, आता छाती दिसते, दाटून ठणकणारी. मी प्रवासात अशा एका कक्षाशी गेले, त्याला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडं होती ते जेवायला गेले होते. बाहेरच्या बाकावर एक बाई भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून शाल घेऊन पाजत होती. खोली बांधून झाली होती, पाटी सुंदर होती. आत एक पाठ असलेली खुर्ची, पंखा, हात धुवायला नळ, विजेचा एक प्लग आणि आतून लागणारी कडी एवढंच लागतं. आणि उघडं दार.

*

त्या वॉर्डात मी दोन दिवसांनी पुन्हा गेले, घरी सोडायच्या दिवशी. खिडकीकडची खाट रिकामी करायचं चाललं होतं. मुलगी कुंचीच्या नाड्या बांधत होती. छाती उतरली होती, चेहऱ्यावरचा ताणही. ताई सुट्टीवर होती. पलीकडच्या खाटेवर रात्री नवी बाळंतीण आली होती, तिचं बाळ तोंड मारून मारून रडत होतं, आणि तिच्यासोबत फक्त नवरा होता, दारात घुटमळणारा.

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. डबा वरच होता, सील तसंच. त्या पलीकडच्या खाटेशी गेल्या, इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं आणि बसल्या.

"डोकं नको गं दाबू," त्या म्हणाल्या. "मान धर. हां. आता थांब जरा, तोंड उघडू दे त्याला."